एकाच अक्षरांचे छोटे इंग्रजी शब्द: कसे शिकावेत आणि पटावर कोठे बसवावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपली मुलगी मुलुंडच्या एका शाळेत नववीत, सेमी-इंग्रजी वर्गात शिकते आणि शाळेच्या स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावर जुळवून इंग्रजी शब्द लावण्याचा खेळ) संघात आहे. तिने तीन अक्षरी शब्दांची यादी ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत पाठ केली आहे आणि विचारले तर ती घडाघडा म्हणून दाखवते, परंतु प्रत्यक्ष डावात रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, सात टाइल आल्या की तिला त्यातला एकही शब्द वेळेवर सुचत नाही. त्यामुळे एकाच अक्षरांतून तयार होणारे शब्द वेगळे शिकवावेत का, शिकवायचे तर कोणते आधी घ्यावेत आणि अर्थही पाठ करून घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. मी पार्ल्यात बरीच वर्षे शाळकरी मुलांना हा खेळ शिकवते आणि हीच अडचण घेऊन येणारी मुले मला सतत भेटतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग मी अक्षरे सुटी करून, मध्ये रेघ देऊन लिहिते आहे. उदाहरणार्थ, चहासाठीचा शब्द टी-ई-ए असा.

पहिली गोष्ट, मुलीची मेहनत वाया गेलेली नाही. तिने शब्द ज्या क्रमाने साठवले तो क्रम तेवढा डावाच्या उपयोगाचा नाही. वर्णानुक्रमाने पाठ केलेली यादी आठवायची तर पहिले अक्षर माहीत असावे लागते, आणि रॅकवर नेमके तेच माहीत नसते, कारण तिथे सात अक्षरे कोणत्याही क्रमाशिवाय पडलेली असतात आणि त्यांपैकी कोणते आधी येणार हाच प्रश्न असतो. यावर जगभरचे खेळाडू एक साधा उपाय करतात. शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून घ्यायची आणि त्या क्रमाला त्या शब्दांची किल्ली मानायचे. या किल्लीला अल्फाग्राम म्हणतात. ए, ई आणि टी ही तीन अक्षरे या क्रमाने डोळ्यांसमोर आली की त्यांतून ए-टी-ई, ई-ए-टी, ई-टी-ए, टी-ए-ई आणि टी-ई-ए असे पाच शब्द एकदम आठवले पाहिजेत, एकामागून एक शोधावे लागता कामा नयेत. पाच आहेत हा आकडाही लक्षात राहिला पाहिजे, कारण ‘अजून एखादा असेल’ या शंकेत जाणारा वेळ त्यामुळे वाचतो. प्रौढांच्या स्पर्धांत प्रत्येक खेळाडूला संपूर्ण डावासाठी साधारण २५ मिनिटेच मिळतात. ए, सी आणि टी या संचात सी-ए-टी आणि ए-सी-टी असे दोनच शब्द आहेत हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो तिसऱ्याच्या मागे धावत नाही आणि घाईत नसलेला शब्दही लावत नाही.

मराठीतून वाचायला शिकलेल्या मुलांसाठी इथे एक जादा पायरी आहे आणि ती मी कधीच गाळत नाही. आपल्या लिपीत स्वर व्यंजनाला चिकटून येतो, त्यामुळे अक्षरांची जागा बदलली तरी मात्रा आपापल्या अक्षराबरोबरच फिरते. ‘नाक’ हा शब्द आपण उलटा केला तर ‘कना’ होतो. इंग्रजीत मात्र स्वर ही स्वतंत्र टाइल असते, म्हणजे न, आ आणि क हे तिन्ही सुटे धरून उलटावे लागतात आणि मग ‘नाक’चा ‘कान’ होतो. मुलांना हे एकदा समजावून सांगितले की त्यांना कळते, पण हाताला वळण लागायला वेळ लागतो, कारण मूल मनात शब्दाचा उच्चार करून शोधत असते. एन, ओ आणि डब्ल्यू या संचातले तिन्ही शब्द पाहावेत: एन-ओ-डब्ल्यू म्हणजे ‘नाऊ’, ओ-डब्ल्यू-एन म्हणजे ‘ओन’ आणि डब्ल्यू-ओ-एन म्हणजे ‘वन’. अक्षरे तीच असूनही उच्चारांत काहीच साम्य नाही, त्यामुळे ‘नाऊ’ मनात म्हणत बसलेल्या मुलीला ‘वन’ कधीच सुचणार नाही. म्हणून सरावाच्या वेळी शब्द तोंडाने न म्हणता टाइल हाताने हलवायला सांगावे आणि डोळ्यांना दिसेल ते मोठ्याने अक्षर-अक्षर वाचायला लावावे.

आता कोणते संच आधी घ्यावेत ते पाहू. अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात हा खेळ रचताना वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून टाइलची संख्या ठरवली, आणि १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी त्याला स्क्रॅबल हे नाव देऊन बाजारात आणले. इंग्रजी संचात १०० टाइल असतात. त्यांत ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन, आर आणि टी प्रत्येकी ६, आणि एल, एस, यू प्रत्येकी ४ आहेत. म्हणजे एका गुणाच्या या दहा अक्षरांच्याच ६८ टाइल पिशवीत असतात. केवळ ए, ई, आर, एस आणि टी या पाच अक्षरांच्या ३७ टाइल होतात. पिशवीत हात घातला की हीच अक्षरे पुन्हा पुन्हा येणार, आणि इंग्रजीत एकाच अक्षरांतून अनेक शब्द होतात तेही मुख्यतः यांच्यातूनच. त्यामुळे सुरुवात या पाच अक्षरांतून करावी, नंतर ओ, आय, एन, एल आणि पी घ्यावीत, आणि बाकीच्यांकडे सवडीने जावे.

इथपर्यंतचे बहुतेक जण सांगतात. मला आग्रहाने सांगायची गोष्ट पुढची आहे. एका संचातले पाच शब्द माहीत असण्याचा फायदा पाच शब्दांच्या संख्येत नाही. पटावरच्या प्रत्येक जागेला त्यांपैकी वेगळा शब्द लागतो, यात तो आहे. एक उदाहरण प्रत्यक्ष टाइल मांडून मुलीबरोबर करून पाहावे. पटावर आडवा एच-ओ-एम-ई हा शब्द आहे असे समजा, आणि रॅकवरची ए, ई, टी ही तीन अक्षरे त्याच्या लगेच खालच्या ओळीत आडवी लावायची आहेत, अशी की वर-खाली तयार होणारे दोन अक्षरी शब्दही ग्राह्य ठरले पाहिजेत. ओ, एम आणि ई या तिघांच्या खाली काय बसेल? ओच्या खाली फक्त ई चालते, कारण ओ-ई हा शब्द स्पर्धांत धरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या ग्राह्य शब्दांच्या यादीत आहे (फेरो बेटांजवळच्या वावटळीचे ते नाव आहे), पण ओ-ए आणि ओ-टी नाहीत. एमच्या खाली ए चालतो, टी चालत नाही. शेवटच्या ईच्या खाली टी चालतो. म्हणजे इथे पाचांपैकी केवळ ई-ए-टी बसतो. खाली ओ-ई, एम-ए आणि ई-टी असे तीन शब्द उभे तयार होतात आणि जादा गुणांचे रंगीत चौकोन न मोजताही एकेका गुणाच्या तीन टाइलचे ११ गुण होतात.

आता हीच तीन अक्षरे डावीकडे सरकवून पाहावीत, म्हणजे पहिले अक्षर एचच्या डावीकडच्या रिकाम्या घराखाली, दुसरे एचखाली आणि तिसरे ओखाली येईल. ओखाली ई हवी हे ठरलेलेच आहे. एचखाली मग ए राहतो, कारण एच-ए चालतो. आणि टी सगळ्यांत आधी येतो. टी-ए-ई हा स्कॉटलंडच्या बोलीतला शब्द, जो मुले ‘हा काय शब्द आहे’ म्हणून पाठ करायला कंटाळतात, तोच इथे चालतो, दुसरा कोणताही नाही, आणि १० गुण देतो. उलट उजवीकडे सरकून एम, ई आणि त्यापुढचे रिकामे घर घेतले, तर ए-टी-ई आणि ई-टी-ए हे दोन्ही बसतात आणि कॉलिन्सच्या यादीप्रमाणे ई-ए हा शब्द ग्राह्य असल्याने ई-ए-टीही बसतो. एका साध्या शब्दाच्या खाली एकेक घर सरकत गेलो तर उत्तर दरवेळी बदलते. जिला फक्त ‘ईट’ आणि ‘टी’ येतात तिला यांतल्या निम्म्याहून अधिक जागा दिसणारच नाहीत. माझ्या मते मुलीने दुसरे काही न करता आठवडाभर वेगवेगळ्या चार अक्षरी शब्दांखाली हा एकच सराव केला तरी तिचा खेळ सुधारेल.

दुसरा फायदा हुकचा. तयार शब्दाच्या आधी किंवा नंतर एक अक्षर जोडून नवा शब्द करता येतो, त्या अक्षराला खेळाडू हुक म्हणतात, आणि एकाच संचातल्या शब्दांचे हुक अगदी निराळे असतात. टी-ई-एच्या शेवटी के, एल, एम, आर, एस, टी लागतात. ए-टी-ईच्या आधी डी, एफ, जी, एच, एल, एम, पी, आर, एस अशी मोठी रांग लागते. ई-टी-एच्या आधी बी, एफ, झेड वगैरे लागून ग्रीक अक्षरे आणि फेटा चीज होते. म्हणून पुढचे घर तिप्पट शब्दगुणाचे असेल आणि तिथे प्रतिस्पर्ध्याला पोहोचू द्यायचे नसेल, तर कोणता शब्द लावायचा हे हुक पाहून ठरवावे लागते.

ए, ई आणि आर हा संच याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. कान या अर्थाचा ई-ए-आर पटावर ठेवला की त्याच्या आधी बी, डी, एफ, जी, एच, एन, पी, टी, डब्ल्यू, वाय अशी डझनभर अक्षरे लागू शकतात, म्हणजे पट उघडा होतो. कालखंड या अर्थाच्या ई-आर-एला मात्र लागणारी अक्षरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मुख्य म्हणजे एस, जो दोन्ही बाजूंना लागतो. आघाडीवर असताना ई-आर-ए लावावा आणि पिछाडीवर असताना, पट मोकळा हवा असेल तेव्हा, ई-ए-आर लावावा, हे दोन्हींचे गुण सारखे असूनही डाव फिरवू शकणारे निर्णय आहेत. तिसरा ए-आर-ई. त्याच्या शेवटी ए लावून एरिया होतो हे मुलांना दिसते, पण एस लागतो हे सांगितले की ती बुचकळ्यात पडतात, कारण ‘आहेत’ या क्रियापदाला अनेकवचनाचा एस कसा लागेल? इथे सातबारा उपयोगी पडतो. उताऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर-आर’ असे लिहिलेले असते, त्यातला आर म्हणजेच हा इंग्रजी ए-आर-ई: १०० चौरस मीटरचे, जवळजवळ एका गुंठ्याएवढे माप. माप म्हणजे नाम, आणि नामाला एस लागतो. गावी थोडीफार जमीन असलेल्या घरातले मूल हे पुन्हा विसरत नाही.

चार अक्षरांकडे वळताना एसविषयी एक इशारा देते. मुलांना एस हा नेहमी शेवटी लावायचा, अनेकवचनाचा वाटतो. ओ, पी, एस, टी या संचात सहा शब्द आहेत: ओ-पी-टी-एस, पी-ओ-टी-एस आणि टी-ओ-पी-एस यांच्यात एस शेवटी आहे, पण एस-टी-ओ-पी आणि एस-पी-ओ-टी यांच्यात तो सुरुवातीला आणि पी-ओ-एस-टीमध्ये मध्येच आहे. पटावर एखादा शब्द असा असतो की त्याला शेवटी एस लावून बहुवचन करत असतानाच त्या एसवरून आपला दुसरा शब्द आडवा न्यायचा असतो. त्या वेळी आपल्या शब्दात एस पहिला हवा की शेवटचा, हे उरलेल्या जागेवर ठरते. संपूर्ण संचात एस चारच आहेत, त्यामुळे एवढ्या मौल्यवान टाइलसाठी तिन्ही प्रकारचे शब्द तयार असलेच पाहिजेत. ए, ई, एस, टी या संचातले पूर्व दिशेचा ई-ए-एस-टी, आसनाचा एस-ई-ए-टी, तृप्त करण्याचा एस-ए-टी-ई आणि राठ केस या अर्थाचा एस-ई-टी-ए हे याच दृष्टीने शिकवावेत. ई-ए-टी-एस आणि टी-ई-ए-एस आपोआप येतील. त्यानंतर ए, ई, एम, टी (टी-ई-ए-एम, एम-ई-ए-टी, एम-ए-टी-ई, टी-ए-एम-ई, एम-ई-टी-ए) आणि ई, आय, एम, टी (टी-आय-एम-ई, आय-टी-ई-एम, ई-एम-आय-टी, एम-आय-टी-ई) हे दोन संच घ्यावेत.

दोन अक्षरी शब्दांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळेच पाठ हवेत आणि कॉलिन्सच्या यादीत ते सव्वाशेच्या वर असले तरी चार-पाच आठवड्यांचे काम आहे. एवढेच करावे की ते जोडीने पाठ करावेत: एन-ओ आणि ओ-एन, एम-ई आणि ई-एम, एच-ए आणि ए-एच, डी-ओ आणि ओ-डी, आय-टी आणि टी-आय. कोणते उलटत नाहीत तेही त्याच वहीत लिहावे, कारण चुका तिथेच होतात. टी-ओ चालतो पण ओ-टी नाही, ओ-एफ चालतो पण एफ-ओ नाही. के-ओ आधीपासून होता, ओ-के मात्र कॉलिन्सच्या यादीत २०१९ साली आला, आणि त्याच वर्षी ई-डब्ल्यू आल्याने डब्ल्यू-ईचीही जोडी पूर्ण झाली. घरात जुनी छापील यादी असेल तर ही भर हाताने घालावी.

मुंबईत राहणाऱ्या मुलांना सरावासाठी वेगळे साहित्य लागत नाही, कारण स्थानकांच्या पाट्यांवर नावे इंग्रजीतही लिहिलेली असतात. विशेषनामे खेळात चालत नाहीत, पण त्यांची अक्षरे चालतात. आमच्या विलेपार्ल्याच्या पाटीवरचा पहिला भाग व्ही-आय-एल-ई आहे. हा स्वतः ‘नीच’ या अर्थाचा ग्राह्य शब्द आहे आणि त्याच अक्षरांत एल-आय-व्ही-ई, ई-व्ही-आय-एल आणि बुरख्याचा व्ही-ई-आय-एल आहेत. दुसरा भाग पी-ए-आर-एल-ई हाही वाटाघाटी करणे या अर्थाचा जुना शब्द आहे, आणि त्याच पाच अक्षरांत मोत्याचा पी-ई-ए-आर-एल आणि ‘अधिक फिका’ या अर्थाचा पी-ए-एल-ई-आर आहे. शिवाय परळ स्थानकाचे स्पेलिंगही हीच अक्षरे इकडची तिकडे करून झालेले आहे. हार्बर मार्गावर शिवडीच्या स्पेलिंगातून तारा या अर्थाचा डब्ल्यू-आय-आर-ई-एस, बंधाऱ्यांचा डब्ल्यू-ई-आय-आर-एस आणि ‘अधिक शहाणा’ या अर्थाचा डब्ल्यू-आय-एस-ई-आर असे शब्द निघतात. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाच्या रे रोड स्थानकाचे आर-ई-ए-वाय तर चार अक्षरी शब्द शिकणाऱ्याला फारच फलदायी आहे: वर्षाचा वाय-ई-ए-आर सर्वांना दिसतो, पण वाय-ए-आर-ई, ए-ई-आर-वाय आणि रानमांजराच्या एका जातीचे नाव असलेला ई-वाय-आर-ए हे तिन्ही शिकलेल्यालाच दिसतात. आपली मुलगी मध्य मार्गाने प्रवास करत असेल तर तिला शीव स्थानकाच्या पाटीवरून आय-ओ-एन-एस आणि ठाण्याच्या पाटीवरून एन-ई-ए-टी-एच शोधायला सांगावे; ठाण्याचे टी-एच-ए-एन-ई हे स्पेलिंग तर स्कॉटलंडच्या सरदाराचा शब्द म्हणून जसेच्या तसे चालते.

आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्दही मुले विनाकारण सोडून देतात, कारण ‘हा तर आपला शब्द, तो इंग्रजीत कसा चालेल’ असे त्यांना वाटते. आर-ओ-टी-आय ग्राह्य आहे, आणि त्याच अक्षरांत आर-आय-ओ-टी, टी-आर-आय-ओ, टी-ओ-आर-आय आणि टी-आय-आर-ओ आहेत. लोट्याचा एल-ओ-टी-ए आणि तोळ्याचा टी-ओ-एल-ए हे एकाच संचातले असून तिसरा संगीतातला ए-एल-टी-ओ आहे. एन-ए-ए-एन, जुन्या नाण्याचा ए-एन-एन-ए आणि आजीचा एन-ए-एन-ए हे तिघे एका संचात आहेत, आणि दोन ए व दोन एन अशी नकोशी टाइल हातात असताना त्यांच्याइतका आधार दुसरा नाही. राणीचा आर-ए-एन-आय पावसाच्या आर-ए-आय-एनमध्ये दडलेला असतो, साडीचा एस-ए-आर-आय ए-आय-आर-एसमध्ये, डाळीचा डी-ए-एल एल-ए-डीमध्ये.

जे, क्यू, एक्स आणि झेड या मोठ्या गुणांच्या अक्षरांत एकाच अक्षरांचे शब्द थोडे आहेत. जे-ए-आर आणि आर-ए-जे, डी-ए-झेड-ई आणि सुताराच्या तासणीचा ए-डी-झेड-ई, ए-झेड-ओ आणि झेड-ओ-ए एवढ्यावर सुरुवातीला थांबले तरी चालेल.

सरावाची पद्धत सांगते. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग पत्त्यांएवढे कापून घ्यावेत. एका बाजूला वर्णक्रमाने लावलेली अक्षरे आणि कोपऱ्यात शब्दांची संख्या लिहावी, दुसऱ्या बाजूला ते सर्व शब्द आणि प्रत्येकाच्या डावीकडे व उजवीकडे त्याचे हुक लिहावेत. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली मांडलेली डब्यांची पद्धत इथे चांगली लागू पडते: सगळे शब्द बरोबर आले तर कार्ड पुढच्या डब्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, एकही चुकला तर पहिल्या डब्यात परत येऊन रोज विचारले जाते. पाचांपैकी चार आले म्हणून कार्ड पुढे ढकलू नये. राहिलेला पाचवा बहुधा टी-ए-ईसारखाच असतो. संगणकावर झिझिवा नावाचे साधन हेच काम करते आणि मोठ्या खेळाडूंना ते लागतेच, पण शाळकरी वयात कार्ड स्वतःच्या हाताने लिहिण्याचा फायदा मला अधिक दिसला आहे, कारण अक्षरे वर्णक्रमाने लावण्याची क्रिया त्यात प्रत्येक कार्डामागे एकदा घडते. एका वेळी थोडे संच घ्यावेत आणि जुने पक्के होईपर्यंत नवे वाढवू नयेत.

अर्थ शिकवावेत का, या प्रश्नावर अनुभवी खेळाडूंत दोन मते आहेत. अर्थाविना किती पुढे जाता येते याचे सर्वांत मोठे उदाहरण न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स आहेत. २००७ सालची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली होती आणि तिच्या अंतिम फेरीत मलेशियाच्या गणेश असिर्वाथम यांना हरवून ते पहिल्यांदा जगज्जेते झाले. पुढे २०१५ साली त्यांनी फ्रेंच भाषा बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे आणि २०२४ साली स्पॅनिश स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांची स्मरणशक्ती लाखांत एखाद्याची आहे आणि ती गृहीत धरून कोणत्याही मुलाचा अभ्यासक्रम आखू नये. माझे मत असे आहे की छोट्या शब्दांना निदान ‘नाम, क्रियापद की उद्गार’ एवढी ओळख तरी द्यावी, कारण शेवटी एस लागेल का, ईडी लागेल का हे त्यावरून कळते. ए-आर-ईचे उदाहरण वर दिलेच आहे. ओ, आर, टी या संचात आर-ओ-टी आणि टी-ओ-आर यांच्यासोबत ओ-आर-टी हा तिसरा शब्द आहे. पानात उरलेला अन्नाचा तुकडा असा त्याचा अर्थ सांगितला की तो लक्षात राहतो आणि त्याला एस लागणार हेही वेगळे सांगावे लागत नाही. नववीतल्या मुलीला याखेरीज शाळेच्या इंग्रजीतही त्याचा उपयोग होतो, आणि तो गौण मानण्याचे कारण मला दिसत नाही.

आपण जाता जाता विचारले आहे की फोनवरच्या खेळात चाललेला शब्द स्पर्धेत का नाकारला गेला. कारण शब्दयाद्या दोन आहेत. भारतासह बहुतेक देशांत कॉलिन्सची यादी वापरतात, तर अमेरिका आणि कॅनडात वेगळी, अधिक छोटी यादी चालते. फोनवरचे कित्येक खेळ या दुसऱ्या यादीवर किंवा स्वतःच्याच यादीवर चालतात. वर्डलसारख्या खेळात तर प्रश्नच निराळा आहे: तिथे एस, एल, ए, टी, ई ही पाचही अक्षरे पिवळी झाली, म्हणजे शब्दात आहेत पण चुकीच्या जागी लावली आहेत असे कळले, की एस-एल-ए-टी-ई, एस-टी-ए-एल-ई, एस-टी-ई-ए-एल आणि एल-ई-ए-एस-टी यांतून जागांवरून निवड करायची असते, आणि तिथे ही कार्डे तशीच उपयोगी पडतात. स्क्रॅबलसाठी मात्र मुलीच्या शिक्षकांना दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: स्पर्धेत कॉलिन्सची कोणत्या वर्षाची आवृत्ती धरणार, आणि प्रतिस्पर्ध्याच्या शब्दावर घेतलेली हरकत चुकीची ठरली तर किती गुण जाणार. आवृत्ती कळली की कार्डांच्या डब्यावर तिचे वर्ष लिहावे, आणि नवी आवृत्ती आल्यावर तिच्यात वाढलेले व वगळलेले दोन व तीन अक्षरी शब्द आधी तपासून तेवढीच कार्डे पुन्हा लिहावीत.